वाचकांचे प्रश्न : माघारी प्रार्थनालयाला काही द्यायचं असेल तर

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रं एकाच विषयाची आहेत. आपल्या माघारी देवळाला, विहाराला, चर्चला किंवा सिनेगॉगला काही द्यायचं असेल तर ते कसं लिहून ठेवावं, हा तो विषय. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत, फक्त तालुके दिले आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलं आहे. त्यातल्या पुष्कळ गोष्टी कोणत्याही धर्माच्या वाचकाला लागू पडतात, म्हणून ते तोडलं नाही.

प्रश्न : आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. वडील जिनिंगच्या नोकरीसाठी कोकणातून इकडे आले आणि इथलेच झाले. मी ग्रामीण रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. यजमान गेले, मूलबाळ नाही, भावंडंही राहिली नाहीत. एक भाचा इस्राएलमध्ये आहे, एक पुतणी ठाण्याला. वडिलांकडून आलेलं साडेतीन एकर वावर, गावठाणातलं घर आणि बँकेतली नऊ लाखांची ठेव माझ्या नावावर आहे. आमच्या मूळ गावाजवळच्या सिनेगॉगसाठी माझ्या पश्चात कायमचं काही राहावं असं वाटतं. तिथे आता मोजकीच घरं उरली आहेत. वकील म्हणतात, ज्यू माणसाला धर्मादायाला द्यायचं तर मृत्युपत्र मरणाच्या बारा महिने आधी केलेलं असावं लागतं. हे खरं का? वावर थेट सिनेगॉगच्या नावे करता येईल का? भाचाही तिकडून पैशाची भर घालीन म्हणतो. (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, आधी बारा महिन्यांचं बघू. वकिलांनी सांगितलं ते एके काळी खरं होतं. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ च्या कलम ११८ मध्ये तशी अट होती. ज्याला पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग आहे, त्यानं धर्मकार्यासाठी केलेलं मृत्युपत्र मृत्यूच्या किमान बारा महिने आधीचं हवं आणि केल्यापासून सहा महिन्यांत ते सरकारी ठिकाणी जमा केलेलं हवं, असं ते कलम सांगत होतं. हिंदू आणि बौद्धांच्या मृत्युपत्रांना ते लागू नव्हतं. केरळमधल्या एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं जुलै २००३ मध्ये हे कलम समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून रद्द केलं. आता तुम्ही आज मृत्युपत्र केलं तर ते उद्याही चालतं. जुन्या पुस्तकांत ते कलम अजून छापलेलं दिसतं, त्यामुळे हा घोळ होतो.

मृत्युपत्र केलंच नाही तर याच कायद्यानुसार तुमची मालमत्ता रक्ताच्या नात्यातल्या सर्वांत जवळच्यांकडे जाईल. तुमच्या बाबतीत भाचा आणि, ती तुमच्या भावाची मुलगी असेल तर, पुतणी निम्मं निम्मं घेतील आणि सिनेगॉगला एक रुपयाही मिळणार नाही. "ताईंची इच्छा होती" असं शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कितीही सांगितलं तरी त्याला किंमत नाही.

आता नाव. धर्मादायाच्या देणग्या अडकतात त्या सर्वांत जास्त इथे. 'आमच्या गावच्या सिनेगॉगला' एवढंच लिहिलं तर पैसे कुणाला द्यायचे यावर वाद उभा राहतो. कोकणात तर असा घोळ होणं फार सोपं आहे : 'बेथ एल' नावाचं सिनेगॉग पनवेललाही आहे आणि रेवदंड्यालाही. मुंबईत सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६ चं 'शार हरहामीम' आहे, तर ठाण्यात 'शार हशामाईम'. 'मागेन' या शब्दानं सुरू होणारी नावं अलिबागला, भायखळ्याला आणि आग्रीपाड्याला आहेत. तेव्हा नाव ट्रस्टच्या नोंदीत आहे तसं अक्षर न् अक्षर उतरवा. पुढे पत्ता, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक (याला पीटीआर नंबर म्हणतात) आणि ट्रस्टचा पॅन लिहा. हे सगळं मिळण्यासाठी विश्वस्तांकडे परिशिष्ट १ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीचा, उतारा मागा. त्यात विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत तेही बघा. छोट्या जमातींच्या ट्रस्टवर अनेकदा दिवंगत किंवा परदेशी गेलेल्या माणसांची नावं वर्षानुवर्षं तशीच असतात, बदल अर्ज दाखलच झालेले नसतात. अशा ट्रस्टच्या खात्यावर सह्या कोणी करायच्या हेच ठरत नाही, आणि तुमची रक्कम बँकेच्या दारात थांबते. उतारा जुना निघाला तर देणगीच्या आधी तो दुरुस्त करून घ्या असं विश्वस्तांना स्पष्ट सांगा. शेवटच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेबही मागा. देणाऱ्यानं हिशेब मागितला म्हणून कुणाला राग येत असेल तर तिथे देण्याआधी थांबलेलं बरं.

वावर थेट सिनेगॉगच्या नावे लिहू नका. विदर्भाला १९५८ चा वेगळा कुळवहिवाट कायदा आहे आणि शेतकरी नसलेल्याकडे शेतजमीन जाण्यावर त्यात बंधनं आहेत. मृत्युपत्र म्हणजे विक्री नव्हे, त्यामुळे ते चालतं, असा युक्तिवाद पूर्वी होत असे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या एका प्रकरणात, तिथे लागू असलेल्या मुंबई कुळकायद्याखाली, मृत्युपत्रानंही अशी जमीन शेतकरी नसलेल्याकडे जाऊ शकत नाही असा निकाल दिला. त्यानंतर हा धोका पत्करण्यात अर्थ नाही. शिवाय समजा जमीन गेली, तरी कोकणातल्या विश्वस्तांनी दारव्ह्यातलं वावर सांभाळायचं कसं? मक्ता वसूल कोण करणार, धुऱ्याचा वाद निघाला तर मोजणीला कोण उभं राहणार? आणि पुढे विकायची म्हटली तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते.

त्यामुळे जमीन विकून तिचा पैसा द्यावा. याचे दोन मार्ग. एक, हातपाय चालतायत तोवर स्वतःच विकून रक्कम ठेवीत ठेवणं. हा आम्हाला जास्त पसंत आहे, कारण भाव तुम्ही ठरवता, सही तुम्ही करता आणि व्याज हयातीत तुम्हालाच मिळतं. दुसरा, मृत्युपत्रात व्यवस्थापक म्हणजे एक्झिक्युटर नेमून त्याला विकण्याचा अधिकार देणं. दुसऱ्या मार्गात खरेदीदाराचा वकील बहुधा प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, मागतो. ते जिल्हा न्यायालयातून काढावं लागतं आणि वाद नसला तरी त्यात काही महिने जातात. विकण्याआधी सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की २ हे बघा. वर्ग २ असेल, भूदानाची असेल किंवा मुळात आदिवासी खातेदाराची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न येतो. तो तुमच्या हयातीत सोडवणं सोपं, व्यवस्थापकावर टाकणं अवघड. घराचा नमुना ८ कुणाच्या नावावर आहे तेही एकदा ग्रामपंचायतीत जाऊन बघा. घर अजून यजमानांच्या नावावर असल्याचं अशा वेळी हटकून निघतं.

पैसा कशासाठी द्यायचा, हा यापुढचा प्रश्न, आणि तुमच्या पत्रात यावर एक ओळही नाही. 'कायमचं' म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज खर्च व्हावं, असं तुमच्या मनात असेल तर 'ही रक्कम मूळ निधी, म्हणजे कॉर्पस म्हणून द्यावी' हे शब्द मृत्युपत्रात असलेच पाहिजेत. ते नसतील तर रक्कम ट्रस्टचं त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाऊ शकते, आणि आयकराची सूट टिकवण्यासाठी ट्रस्टला उत्पन्नातले ८५ टक्के खर्च दाखवावे लागतात. चार पिढ्यांसाठी दिलेला पैसा मग एका वर्षाच्या रंगरंगोटीत जातो. लेखी अट असली की तो निधी वेगळा ठेवून बँक, पोस्ट, सरकारी रोखे अशा ठरावीक ठिकाणीच गुंतवावा लागतो.

आकडा मांडून बघू. तुमच्या ठेवीतले ६० टक्के दिले तर ५,४०,००० रुपये होतात. व्याज ६.५ टक्के धरलं तर वर्षाला ३५,१०० रुपये. महागाईनं मुद्दल झिजू नये म्हणून व्याजाचा चौथा हिस्सा, ८,७७५ रुपये, परत मुद्दलात घालायचा. खर्चाला उरतात २६,३२५, महिन्याला साधारण २,२०० रुपये. एवढ्यात वीजबिल, साफसफाई, सब्बाथच्या (आठवड्याच्या विश्रामदिवसाच्या) आणि सणांच्या तेलबत्तीचा खर्च निघेल. राखणदाराचा पगार निघणार नाही आणि छप्पर तर नाहीच. जमिनीचा पैसा यात मिळवला तरच 'देखभाल निधी' म्हणण्याजोगी रक्कम उभी राहते.

अट फार अरुंद ठेवू नका. 'फक्त हज्जानच्या पगारासाठी' असं लिहिलं आणि पुढे हज्जानच, म्हणजे प्रार्थना म्हणणाराच, नसला तर रक्कम गोठून पडते. १९४८ नंतर बेने इस्राएल मंडळींतले बहुसंख्य इस्राएलला गेले, कोकणातल्या काही ठिकाणी सामुदायिक प्रार्थनेला लागणारा दहा प्रौढ पुरुषांचा मिनयानही जमणं कठीण झालं आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून कामं उतरत्या क्रमानं लिहा : आधी इमारतीचं छप्पर आणि गळती, कारण कोकणातल्या पावसात एक मोसम दुर्लक्ष झालं की वासे कुजतात. मग दफनभूमीची भिंत आणि साफसफाई. मग सेफेर तोरांची, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळ्यांची, देखभाल. चर्मपत्रावरचं एक अक्षर जरी गळालं तरी दुरुस्त होईपर्यंत ती प्रत सार्वजनिक वाचनाला चालत नाही, आणि दुरुस्तीला प्रशिक्षित सोफेरच (धर्मग्रंथ लिहिणारा लेखनिक) लागतो. दमट हवेत हे काम पुनःपुन्हा निघतं. आणि त्यानंतर एक पर्यायी लाभार्थी : त्या जागी नियमित प्रार्थना बंद झाली किंवा ट्रस्ट विसर्जित झाला तर निधी अमुक ट्रस्टला जावा. हे लिहिलं नाही आणि मूळ हेतू पार पाडणं अशक्य झालं, तर त्याच १९५० च्या कायद्यातल्या कलम ५५ खाली न्यायालय तुमच्या हेतूच्या जवळचा दुसरा उपयोग ठरवतं. निर्णय तुमच्या हातून जातो एवढाच त्यातला मुद्दा.

मजकूर असा काहीसा असावा :

"मौजे ____, ता. दारव्हा येथील गट क्र. ____, क्षेत्र १.४२ हे. ही शेतजमीन मी हयातीत विकली नसल्यास माझ्या व्यवस्थापकांनी ती बाजारभावानं विकावी. माझं देणं, दफनाचा खर्च व विक्रीचा खर्च वजा जाता जी रक्कम उरेल ती, आणि माझ्या सर्व बँक ठेवींच्या ६० टक्के रक्कम, ____ (ट्रस्टचं पूर्ण नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक) यांना मूळ निधी म्हणून द्यावी. मुद्दल खर्च करू नये. व्याजाचा चौथा हिस्सा मुद्दलात मिळवावा व उरलेलं व्याज पुढील क्रमानं खर्च करावं... सदर ठिकाणी नियमित प्रार्थना कायमची बंद झाल्यास हा निधी ____ यांना द्यावा. उर्वरित सर्व मालमत्ता माझी पुतणी ____ हिला द्यावी."

यात ठेवींची रक्कम न लिहिता टक्के लिहिले आहेत ते मुद्दाम. आजारपणात ठेव मोडली तर 'पाच लाख द्यावेत' या वाक्यापुढे पुतणीला काहीच उरत नाही आणि भांडण तिथून सुरू होतं. शेवटचं 'उर्वरित सर्व' हे वाक्यही गाळू नका. विसरलेलं पोस्टाचं खातं, कानातलं, घरातलं सामान, सगळं त्यात येतं. भाच्याला काही द्यायचं नसेल तर 'तो परदेशी स्थिरावला आहे, त्याला याची कल्पना आहे' अशी एक ओळ घाला. नाव गाळलं की 'ताई विसरल्या' असं म्हणायला जागा राहते.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क नाही. प्रत्येक पानावर सही करा, खाडाखोड टाळा, झालीच तर तिथे तुमची आणि साक्षीदारांची सही घ्या. साक्षीदार दोन हवेत. दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं आणि दोघांनी तुमच्यासमोर सही करावी. पुतणीला किंवा तिच्या नवऱ्याला साक्षीदार करू नका : ज्यू आणि ख्रिस्ती मृत्युपत्रांना लागू असलेल्या, १९२५ च्या कायद्यातल्या कलम ६७ प्रमाणे साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेलं देणं रद्द होतं. बाकी मृत्युपत्र शाबूत राहतं, पण पुतणीचा वाटा जातो. विश्वस्तांनाही साक्षीला बसवू नका, दबाव आणला असा आरोप होतो. साक्षीदार तुमच्याहून वयानं लहान, गावातच राहणारे बघा, कारण पुढे वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला तरी न्यायालयात उभं राहावं लागतं. तुमच्या जुन्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी प्रकृतीचा आणि शुद्धीवर असल्याचा दाखला दिला तर उत्तम.

नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. दुय्यम निबंधक कार्यालयात होते, फी नाममात्र आहे आणि मुदतीचं बंधन नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी अर्ज केल्यास अधिकारी घरी येतात. नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल तुमच्या हयातीत तुमच्याशिवाय किंवा तुमच्या मुखत्याराशिवाय कुणाला मिळत नाही. ती वेगळ्या नोंदवहीत असते, त्यामुळे गावात बोभाटा होईल ही भीती नको. याहून गुप्तता हवी असेल तर मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवता येतं.

दफनाबद्दलची इच्छा मात्र मृत्युपत्रात लिहून भागणार नाही. तुमच्याकडे दफन शक्य तितक्या लवकर, बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी होतं, आणि मृत्युपत्र बहुधा त्यानंतरच उघडलं जातं. ज्यांनी धावून यायचं त्यांची नावं, कुठे न्यायचं, गाडीचा खर्च कुठल्या पैशातून, हे एका वेगळ्या कागदावर लिहून पुतणीकडे आणि एका शेजाऱ्याकडे द्या.

भाच्याच्या पैशाचं वेगळं आहे. तो इस्राएलचा नागरिक असेल, मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, त्यानं इथल्या ट्रस्टला दिलेला पैसा परकीय देणगी ठरतो. ट्रस्टची परकीय योगदान नियमन कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असेल आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत त्यासाठीचं खातं असेल तरच तो घेता येतो. नसेल तर सिनेगॉगच्या साध्या खात्यात त्यानं एक रुपयाही टाकू नये, अडचण ट्रस्टची होईल. भारतीय पासपोर्ट ठेवून तिकडे राहणाऱ्याची देणगी मात्र परकीय धरत नाहीत.

आयकराचं थोडक्यात. आपल्याकडे वारसा कर नाही, जुनं मालमत्ता शुल्क १९८५ मध्ये गेलं. मृत्युपत्रातून दिलेल्या देणगीवर ८०जी सारखी सवलत तुमच्या नावे मिळत नाही, आणि निव्वळ धार्मिक ट्रस्टला ती हयातीतही सहसा लागू नसते. सवलतीच्या आशेनं घाई करू नका.

धर्मशास्त्राच्या बाजूनं एक सांगायला हवं. तोरात, गणना पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात, वारसांचा क्रम ठरलेला आहे, आणि मृत्यूनंतर अमलात येणारं देणं त्या शास्त्रात अवघड बसतं. म्हणून पुष्कळ जण मृत्युपत्राच्या जोडीला हयातीतच दिल्याचं दानपत्र रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, सल्ल्यानं करतात. तुम्हाला ते महत्त्वाचं वाटत असेल तर विचारून घ्या. भारतीय कायद्यासाठी त्याची गरज नाही. हयातीत उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक दान करून स्वतः परावलंबी होऊ नये असंही तालमूदात, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात, सांगितलं आहे. एकट्या राहणाऱ्या बाईनं आत्ताच सगळं देऊन टाकू नये, असं आमचंही मत आहे.

आणि विश्वस्तांना आजच पत्र लिहा. किती देणार हे सांगायची गरज नाही. मृत्युपत्र आहे, व्यवस्थापक अमुक आहेत, त्यांचा फोन हा, एवढं पुरे. दूरच्या ट्रस्टला देणगीचा पत्ताच लागला नाही आणि ठेव बँकेत बेवारस पडून राहिली, असं होऊ शकतं.

प्रश्न : ठेवीला नॉमिनी म्हणून सरळ चर्चचं नाव टाकलं तर मृत्युपत्राची कटकट वाचेल ना? मी विधुर असून पुढच्या महिन्यात पुन्हा लग्न करतोय. मृत्युपत्र तीन वर्षांपूर्वी केलेलं आहे. (ता. अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर : नाही वाचणार. बँका ठेवीला नॉमिनी म्हणून सहसा व्यक्तीचंच नाव घेतात. शिवाय नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे उचलून घेणारा. ते कुणाचे हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. आयुर्विम्याची पॉलिसी मात्र संस्थेच्या नावे असाइन करता येते, म्हणजे तिचा हक्क संस्थेला देता येतो. विमा कंपनीच्या फॉर्मवर सही करून, कंपनीनं नोंद घेतल्याची पोच घ्या. असाइन केल्यावर पॉलिसी तुमची राहत नाही, कर्जही काढता येत नाही, हे समजून करा.

तुमच्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या वाक्यात आहे. ख्रिस्ती आणि ज्यू व्यक्तीनं लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. १९२५ च्या कायद्याचं कलम ६९ तसं सांगतं. हिंदू, बौद्धांना हे लागू नाही, त्यामुळे गावात कुणी 'काही होत नाही' म्हणालं तर त्याच्या बाबतीत ते बरोबर असतं. लग्नानंतरच्या आठवड्यात नवं मृत्युपत्र करा. न केल्यास आणि तुम्हाला मुलं असल्यास पत्नीला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश आणि चर्चला शून्य.

प्रश्न : गावातल्या बुद्धविहारासाठी दोन लाख आणि माझ्या हिश्श्यातलं अर्धा एकर ठेवायचं आहे. विहाराची पंच कमिटी आहे, नोंदणी नाही. जमीन अजून भावांत वाटलेली नाही. (ता. दिग्रस, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, तुम्हाला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि त्याच्या कलम ३० प्रमाणे एकत्रातला स्वतःचा हिस्सा मृत्युपत्रानं देता येतो. पण वाटणी न झालेल्या जमिनीतलं अर्धा एकर म्हणजे कुठलं, रस्त्याकडचं की नाल्याकडचं, यावर तुमच्या भावांची आणि कमिटीची जुंपेल. वाटणी करून सातबारा वेगळा करा, नाहीतर जमिनीचा विचार सोडा आणि पैशाची रक्कम वाढवा. संस्था शेतकरी नसण्याची अडचण वर दिली आहेच.

दोन लाखांसाठीही आधी विहाराच्या जागेचा कागद बघा. पुष्कळ विहार गावठाणातल्या अशा प्लॉटवर उभे आहेत ज्याचा नमुना ८ कुणा जुन्या कार्यकर्त्याच्या नावावर आहे. तो गेला की त्याची मुलं मालक म्हणून उभी राहतात आणि तुमच्या पैशानं बांधलेली भिंत त्यांच्या घरात जाते. जागा ग्रामपंचायतीची असेल तर ठराव आणि ताबा कागदावर हवा. त्यानंतर कमिटीनं धर्मादाय कार्यालयात ट्रस्टची नोंदणी करावी. कमिटी आळस करत असेल तर तुम्ही मृत्युपत्रातूनच ट्रस्ट स्थापन करू शकता : हेतू, पहिले पाच विश्वस्त आणि रक्कम लिहायची. मग नोंदणीचा अर्ज करणं हे व्यवस्थापकाचं काम. त्याची मुदत तुमच्या मृत्यूपासून सहा महिने किंवा प्रोबेट मिळाल्यापासून एक महिना, यांतली जी आधी संपेल ती. व्यवस्थापक असा नेमा ज्याला ही तारीख लक्षात राहील.

प्रश्न : एका मावशींनी मृत्युपत्रानं आमच्या देवस्थान ट्रस्टला दोन एकर दिलं. त्या गेल्या. मी सचिव आहे. पटवारी म्हणतात 'बघू'. एक विश्वस्त म्हणतात लगेच विकून सभामंडप बांधू. (ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : आधी विश्वस्तांची सभा घ्या आणि देणगी स्वीकारल्याचा ठराव करा. मृत्युपत्रात काय अटी आहेत त्या ठरावात शब्दशः उतरवा. मग मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रत, ठराव आणि परिशिष्ट १ जोडून फेरफारासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 'बघू' ला पोच नसते. फेरफार नोंदला गेला की वारसांना नोटीस निघते. कुणी हरकत घेतली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाऊन वरच्या महसूल अधिकाऱ्यापुढे चालतं. संस्था शेतकरी नाही असा आक्षेप आला तर त्यावर लेखी आदेश मागा, म्हणजे अपील तरी करता येतं.

दुसरीकडे धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. नवी मालमत्ता आली हाही बदलच, हे बहुतेक ट्रस्ट विसरतात आणि मग विक्रीच्या वेळी ती जमीन ट्रस्टच्या नोंदीत सापडतच नाही.

विकण्याची घाई करणाऱ्या विश्वस्तांना कलम ३६ दाखवा. परवानगीआधी इसार घेतला तर तो व्यवहार टिकत नाही आणि विश्वस्तांवर वैयक्तिक जबाबदारी येऊ शकते. परवानगीसाठी विकण्याची गरज काय, मूल्यांकन किती, जाहिरात देऊन कोणते देकार आले, हे सगळं मांडावं लागतं. मावशींनी 'उत्पन्नातून अन्नदान' असं लिहिलं असेल तर सभामंडपासाठी परवानगी मिळणं मुळातच कठीण.

तोवर वावर पडीक ठेवू नका. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, लेखी करार करून, गावात दवंडी देऊन मक्त्यानं द्या. शेतजमिनीचा दहा वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा परवानगीशिवाय करता येत नाही, आणि एकाच माणसाकडे तोंडी दरसाल ठेवलं तर कुळाचा दावा येतो. मक्ता विश्वस्ताच्या जावयाला देऊ नका, कितीही चांगला कास्तकार असला तरी. पैसे चेकनं किंवा थेट ट्रस्टच्या खात्यात घ्या आणि पावतीवर मावशींच्या निधीचं नाव टाका, म्हणजे ऑडिटरला ते उत्पन्न वेगळं दाखवता येईल.